उचलण्याआधी ठरवा: प्राण्यांना मदत करणाऱ्या वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं सोसायटीत, गल्लीत किंवा गावात स्वतःचा वेळ काढून कुत्र्या-मांजरांसाठी राबणाऱ्या वाचकांची आहेत. पत्रं वेगवेगळी असली तरी अडचण पुष्कळदा एकच दिसते: प्राणी उचलला, आता पुढे काय? आमचं मत असं आहे की जिवावर बेतलेलं नसेल, तर तीन गोष्टी ठरल्याशिवाय प्राणी जागेवरून हलवू नये. तो राहणार कुठे, खर्च कोण करणार आणि शेवटपर्यंत जबाबदारी कोणाची. ज्या प्रश्नांत प्रत्यक्ष कृती जास्त आहे, त्यांना आम्ही मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

प्रश्न: आमच्या इमारतीच्या जिन्याखाली मांजरीची तीन पिल्लं सापडली. डोळे अजून मिटलेले आहेत. आई सकाळपासून दिसली नाही. गाईचं दूध कापसाने पाजू का? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

दूध पाजू नका, आणि निदान पहिले काही तास पिल्लांना हातही लावू नका. मांजरीच्या पिल्लांचे डोळे साधारण ७ ते १४ दिवसांत उघडतात. म्हणजे ही पिल्लं फार लहान आहेत आणि या वयात आईला पर्याय नाही. आई खाणं शोधायला तासन् तास बाहेर असते. कधी ती एकेक पिल्लू दुसऱ्या जागी नेत असते, आणि माणसं घोळका करून उभी राहिली की जवळ येत नाही.

पिल्लांभोवती कणकेची बारीक रेघ ओढा आणि तिथून निघून जा. चार तासांनी पाहा. रेघ विस्कटली असेल, पावलांचे ठसे असतील, पिल्लं उबदार आणि पोट भरून शांत पडली असतील, तर आई येते आहे. तिला जवळपास खाणं-पाणी ठेवा, पिल्लांच्या अगदी शेजारी मात्र नको, कारण त्या वासाने बोके आणि कुत्री येतात. पिल्लं गार पडली असतील, एकसारखी ओरडत असतील, अंगावर मुंग्या असतील, पाणी शिरत असेल किंवा आई मेल्याचं नक्की कळलं असेल, तर तिन्ही पिल्लं एकदम उचला.

उचलल्यावर आधी ऊब, मग दूध. हा क्रम चुकल्यामुळेच पुष्कळ पिल्लं दगावतात. अंग गार असताना आतडी काम करत नाहीत, दूध पोटात तसंच राहतं किंवा श्वासनलिकेत जातं. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका अर्ध्या भागात ठेवा, म्हणजे गरम झालं तर पिल्लाला सरकायला जागा राहते. पहिल्या आठवड्यात खोक्यातलं तापमान ३० ते ३२ अंश सेल्सिअस हवं.

गाईच्या दुधात या पिल्लांच्या गरजेपेक्षा प्रथिनं आणि स्निग्धांश कमी, दुग्धशर्करा जास्त असते. त्याने जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाला जुलाबच पुरे होतात. प्राण्यांच्या औषधांच्या दुकानात मांजराच्या पिल्लांसाठी दुधाची पावडर मिळते, तीच आणा. १०० ग्रॅम वजनाच्या पिल्लाला एका वेळी साधारण ४ मिली, पहिल्या आठवड्यात दर दोन ते तीन तासांनी, रात्रीसुद्धा. तिसऱ्या आठवड्यापासून चार तासांचं अंतर चालतं. दूध मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागेल इतकंच गरम हवं.

पिल्लाला पोटावर ठेवून, डोकं थोडं वर करून पाजा. बाळाला मांडीवर उताणं घेतो तसं घेऊ नका, दूध फुप्फुसात जातं. कापसाने पाजताना धागे पोटात जातात आणि किती दूध गेलं ते कळत नाही. छोटी बाटली किंवा पुढे मऊ निपल लावलेली १-२ मिलीची सिरिंज वापरा, पिचकारी मारू नका. नाकातून दूध आलं आणि श्वास घरघरू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दर वेळी पाजल्यानंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शेपटीखालचा भाग हलकेच पुसा. आई चाटून हे काम करते. त्याशिवाय एवढ्या लहान पिल्लांना शी-शू होत नाही. रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहा. रोज साधारण १० ग्रॅमची वाढ हवी. चोवीस तासांत वजन वाढलं नाही किंवा घटलं, तर ते पिल्लू वरवर ठीक दिसलं तरी आजारी समजा.

आई सापडलीच, तर पिल्लं दोन महिन्यांची झाल्यावर तिची नसबंदी करून घ्या. दूध पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते, त्यामुळे त्यापुढे लांबवू नका.

प्रश्न: गल्लीतल्या कुत्र्याच्या मानेच्या जखमेत किडे पडले आहेत. गावात लोक पेट्रोल किंवा फिनाईल ओततात. आम्ही काय करावं? (एक युवक मंडळ, कोल्हापूर)

पेट्रोल, रॉकेल, फिनाईल, डांबराच्या गोळ्या यांतलं काहीही नको. अळ्या मरतात हे खरं, पण भोवतालचं जिवंत मांसही जळतं, विष अंगात शोषलं जातं आणि कुत्रा जखम चाटतो तेव्हा ते पोटातही जातं.

माशीने घातलेली अंडी एका दिवसाच्या आत फुटतात, म्हणून पावसाळ्यात आज दिसलेली जखम उद्यावर ढकलू नये. दोन माणसं लागतात, एक धरायला आणि एक काम करायला. रबरी हातमोजे घाला. दीडेक मीटर लांबीचं बँडेज नाकावरून दोन वेढे घेऊन, हनुवटीखाली गाठ मारून कानांच्या मागे बांधा. वेदनेत ओळखीचा कुत्राही चावतो. कुत्रा ओकत असेल, धापा टाकत असेल किंवा आखूड नाकाचा असेल, तर मात्र तोंड बांधायचं नाही.

जखमेभोवतीचे केस कापा. प्राण्यांच्या औषधांच्या दुकानात अळ्यांसाठी मिळणारा फवारा जखमेत मारा आणि ५ ते १० मिनिटं थांबा. अळ्या वर येऊ लागल्या की चिमट्याने एकेक काढा. घाईने ओढताना अळी तुटून तुकडा आत राहिला तर तिथे पू होतो. मग सलाइनने धुवा. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे सपाट दीड चमचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायचंच, कारण खोल भोकातल्या अळ्या पहिल्या दिवशी दिसत नाहीत. तीन ते पाच दिवस हे चालतं. डोळा, कान, तोंड किंवा गुदद्वाराजवळची जखम असेल, किंवा बोट जाईल एवढं भोक असेल, तर हात न लावता दवाखान्यात न्या. अळ्यांसाठी दिली जाणारी इंजेक्शनं वजनावर ठरतात, ती अंदाजाने देऊ नका.

दोन गोष्टी आणखी. मानेची जखम असेल तर केसांत बोटं घालून पाहा, लहानपणी बांधलेला पट्टा किंवा दोरी मांसात रुतलेली असते. तसं असेल तर ती भूल देऊनच काढावी लागते. दुसरं म्हणजे कुत्र्यांच्या जखमेवरच्या पावडरी मांजरावर वापरू नका. त्यांतली कीटकनाशकं मांजराला बाधतात, शिवाय मांजर सगळं अंग चाटतं. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही नकोत. पॅरासिटामॉलची ५०० मिलीग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

प्रश्न: आमच्या सोसायटीत ११ कुत्री आहेत. निम्मे रहिवासी म्हणतात, लांब नेऊन सोडा. खाऊ घालणाऱ्यांशी रोज भांडणं होतात. मार्ग काय? (सोसायटीच्या कार्यकारिणीतील सदस्य, ठाणे)

लांब नेऊन सोडल्याने प्रश्न सुटत नाही. कचरा, खाणं आणि आडोसा तिथेच राहतो, त्यामुळे मोकळ्या जागेवर नवी कुत्री येतात. ती नसबंदी न झालेली, लस न टोचलेली आणि माणसांना न ओळखणारी असतात. नेऊन सोडलेला कुत्रा परतीची वाट शोधताना गाडीखाली येतो किंवा तिथल्या टोळीकडून फाडला जातो. १० मार्च २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि रेबीजची लस झालेला कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रेबीजची लागण झालेले, तसा संशय असलेले आणि आक्रमक कुत्रे यातून वगळले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं, क्रीडासंकुलं यांच्या आवारातून उचललेली कुत्री तिथे परत न सोडण्यास सांगितलं. तुमची निवासी सोसायटी या दुसऱ्या यादीत नाही.

आता काम. आधी नोंदवही करा. प्रत्येक कुत्र्याचा दोन्ही बाजूंनी फोटो, नर की मादी, अंगावरच्या खुणा, बसण्याची जागा, आणि कान. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. ११ पैकी कदाचित चार-पाच आधीच झालेली निघतील. उरलेल्यांसाठी पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे लेखी अर्ज द्या आणि सगळी एकाच फेरीत उचलली जातील अशी तारीख मागा. एक-दोन माद्या राहिल्या तरी गाडी पुन्हा मूळपदावर येते. मादी साधारण वर्षातून दोनदा माजावर येते आणि ६३ दिवसांत विते.

तारखेच्या आठ-दहा दिवस आधीपासून एकाच जागी, एकाच वेळी खाऊ घाला म्हणजे पकडायला सगळी एकत्र सापडतात. आदल्या रात्रीनंतर खाणं बंद, नाहीतर भुलीत उलटी होऊन दगावण्याची भीती असते. गाडी येईल तेव्हा रोज खाऊ घालणारी व्यक्ती तिथे हवीच. तिच्यामुळे धावाधाव टळते आणि ती दुभत्या मादीला ओळखून बाजूला ठेवू शकते. सड सुजलेली, ओली मादी उचलली गेली तर कुठेतरी लपलेली पिल्लं भुकेने मरतात. पकडल्यावर कुत्र्याला दिलेला क्रमांक, पिंजऱ्याचा क्रमांक आणि तुमच्या वहीतला फोटो जुळवून घ्या, कारण परत सोडताना जागा चुकण्याचे प्रकार इथूनच सुरू होतात. सोडल्यावर आठवडाभर टाके पाहा. सूज, पू किंवा टाका उसवलेला दिसला तर त्याच दिवशी नसबंदी केंद्राला कळवा.

खाऊ घालण्याबद्दल: २०२३ च्या नियमांनुसार जागा आणि वेळ ठरवून देणं ही सोसायटीची जबाबदारी आहे. ती जागा लहान मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून, जिन्यापासून आणि ये-जा करण्याच्या दारापासून दूर हवी. खाऊ घालणाऱ्यांनीही शिस्त पाळायची: वाडगे ठेवायचे, वीस मिनिटांत उचलायचे, जागा धुवायची. रस्त्यावर ओतलेला भात-रस्सा उंदीर आणि शेजाऱ्यांचा राग, दोन्ही वाढवतो. २२ ऑगस्टच्या आदेशाने सार्वजनिक रस्त्यावर खाऊ घालायला मनाई केली असून प्रभागनिहाय जागा नेमायला पालिकांना सांगितलं आहे. वाद मिटलाच नाही, तर नियमांत प्राणी कल्याण समितीची तरतूद आहे. तीत पशुवैद्यकीय अधिकारी, पोलिसांचा प्रतिनिधी आणि सोसायटीचा प्रतिनिधी बसतात. व्हॉट्सअॅपवर भांडण्यापेक्षा तिथे अर्ज करा.

प्रश्न: कुत्री-मांजरं पकडताना आमच्या गटातल्या मुलांना ओरखडे, चावे होतातच. प्रत्येक वेळी इंजेक्शन घ्यायचं का? (नाशिक)

रक्त आलं असेल, कातडी फाटली असेल किंवा जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली असेल, तर हो. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही, म्हणून इथे अंदाज बांधायचा नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही लावू नका. मग दवाखान्यात. कातडीत दिल्या जाणाऱ्या लशीचे दिवस ०, ३, ७ आणि २८, तर दंडात दिल्या जाणाऱ्या लशीचे ०, ३, ७, १४ आणि २८. रक्त आलेल्या जखमेत लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) लागतं आणि ते जखमेच्या आत आणि भोवती टोचावं लागतं. ते देताहेत ना, हे विचारून घ्या. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं, पण लस त्यासाठी थांबवायची नाही.

नियमित काम करणाऱ्यांनी चावण्याआधीच लस घ्यावी. ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी असे तीन डोस. तो कोर्स पूर्ण असेल तर पुढे चावा झाला तरी ० आणि ३ असे दोनच डोस लागतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. गटप्रमुखाने प्रत्येकाचं लसीकरणाचं कार्ड पाहिल्याशिवाय कोणाच्याही हातात जाळं देऊ नये, असं आम्हाला ठामपणे वाटतं. अठरा वर्षांखालील मुलांना पकडायला पाठवूच नये.

मांजराचा चावा दिसायला टाचणी टोचल्याएवढा, पण खोल असतो. चोवीस तासांत हात सुजला तर अँटिबायोटिक लागेल.

लसीकरणाच्या मोहिमेचं बळ किती, हे पाहायचं तर गोव्याकडे पाहा. तिथे कुत्र्यांना दरवर्षी मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याची मोहीम चालली, शाळांतून जागृती झाली, आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. एखाद्या भागातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते, हे उद्दिष्ट तुमच्या प्रभागापुरतं ठेवता येईल.

प्रश्न: रस्त्यावरची चार पिल्लं घरी आणली. आठवड्यात तीन गेली, रक्ताचे जुलाब होते. आता नवीन पिल्लू आणावं का? (नागपूर)

आणू नका. वर्णन पार्व्हो या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजाराचं आहे. हा विषाणू घरात आणि मातीत महिनोन् महिने टिकतो, आणि फिनाईलने मरत नाही. आधी साबणाने घाण धुऊन काढा, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण लावून दहा मिनिटं ओलं राहू द्या. गाद्या, गोणपाट, लाकडी वस्तू टाकून द्या. अंगणाची माती निर्जंतुक होत नाही, म्हणून वर्षभर तिथे लस पूर्ण न झालेलं पिल्लू नको. लस झालेला मोठा कुत्रा चालेल.

पुढच्या वेळी नवीन पिल्लू चौदा दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. वाडगा, झाडू, चपला वेगळ्या. आधी निरोगी प्राण्यांचं काम, मग नव्याचं, उलट कधीच नाही. उचलल्या दिवशी लस टोचली की सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. आजार लपलेला असतो आणि लस लागू व्हायला दिवस जातात. लस सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. आई असेल आणि जागा बरी असेल तर पिल्लं तिथेच ठेवून आईला चांगलं खाऊ घालणं, हा बहुतेक वेळा अधिक सुरक्षित मार्ग असतो.

प्रश्न: संक्रांतीत मांजात अडकलेली घार सापडली तर? (येवला)

मांजा ओढू नका, पंखाचे स्नायू कापले जातात. पक्ष्याच्या दोन्ही बाजूंना चार-पाच इंच सोडून कात्रीने कापा, उरलेला डॉक्टर काढतील. डोक्यावर कापड टाका म्हणजे तो शांत होतो. घारीच्या नख्या आणि बगळ्याची चोच सांभाळा, बगळा थेट डोळ्यावर मारतो. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवा. चोचीत पाणी घालू नका. वनविभागाला १९२६ वर फोन करा. रानपक्षी घरी ठेवून उपचार करणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाची २०१७ पासून देशभर बंदी आहे, विक्री दिसली तर पोलिसांत तक्रार द्या.

प्रश्न: उपचारांसाठी लोक पैसे देतात, पण मग संशयही घेतात. (सांगली)

शक्य तिथे पैसे थेट दवाखान्याच्या खात्यावर भरायला सांगा. आवाहनात डॉक्टरांचं लेखी अंदाजपत्रक, केस-पेपर आणि तारीख असलेला फोटो द्या. लक्ष्य पूर्ण झालं की त्याच दिवशी "आता नको" असं लिहा. प्राणी दगावला तर तेही त्याच दिवशी कळवा, आणि उरलेली रक्कम कशाला वापरायची ते देणाऱ्यांना विचारा. बिलं महिन्याच्या महिन्याला गटात टाका. दोन माणसांच्या सहीशिवाय खर्च नको.

प्रश्न: पिल्लं दत्तक देताना घर कसं पारखायचं? दिलेली दोन पिल्लं परत रस्त्यावर दिसली. (रत्नागिरी)

फोनवर "हो, आवडतात आम्हाला कुत्री" एवढं ऐकून दिलं की असं होतं. घरी जा. घरातल्या सगळ्यांशी बोला, विशेषतः दिवसभर घरी असणाऱ्या आजी-आजोबांशी, कारण प्रत्यक्ष काम त्यांच्यावर पडतं. भाड्याचं घर असेल तर मालकाची संमती विचारा. गावठी पिल्लू मोठं झालं की १५ ते २० किलोचं होतं, हे स्पष्ट सांगा. राखणीला साखळीने चोवीस तास बांधणार असतील, वाढदिवसाची भेट म्हणून हवं असेल किंवा "आजच द्या" असा आग्रह असेल, तर नकार द्या. मांजर देताना खिडक्या आणि बाल्कनीला जाळी बसल्याचा फोटो आधी मागवा. वरच्या मजल्यावरून मांजरं पडतात, हे पुष्कळांना खरं वाटत नाही.

आठ आठवड्यांआधी पिल्लू आईपासून तोडू नका. भावंडांसोबत खेळताना ते किती जोरात चावायचं हे शिकतं. लवकर तोडलेली पिल्लं चावरी निघतात आणि तीच आधी रस्त्यावर सोडली जातात. करारपत्रावर ओळखपत्राची प्रत, लसींच्या तारखा, नसबंदीचा महिना आणि एक अट लिहा: ठेवणं जमलं नाही तर प्राणी फक्त तुमच्याकडेच परत द्यायचा, दुसऱ्या कोणाला नाही. परत आणणाऱ्यावर ओरडू नका, नाहीतर पुढचा माणूस गुपचूप सोडून देईल.

दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्यात फोन करा. पहिल्या तीन दिवसांत पिल्लू खात नाही, रडतं, कोपऱ्यात बसतं, आणि घरचे घाबरतात. तेव्हा धीर देणारा एक फोन पुरतो. तिसऱ्या महिन्यात दात येण्याचा, चपला कुरतडण्याचा काळ असतो. त्या वेळी नसबंदीची तारीख तुम्हीच दवाखान्यात ठरवून द्या आणि झाल्याची पावती मागवून वहीत चिकटवा.